हाय का नाय

पदूनं हातातली पानं सतरंजीवर आपटली आणि गोमाच्या पडवीतून तरातरा खाली उतरला. चपला पायात घालायचं भानसुद्धा राहिलं नाही. मागं सदू मांडीवर थापा मारून हसत होता, हिरू चिंचोके ओढून घेत होता आणि गोमा हाका मारत होता, "अरं बस रं पदू, चा तर पिऊन जा!"

चहा! आठ वर्षं दर श्रावणात ही माणसं त्याला चहा पाजत होती आणि नागवत होती. घाला तो चहा चुलीत!

खेळ तीन पानीचा. तीन तीन पानं वाटायची, ज्याचा हात भारी त्यानं मधला ढीग उचलायचा. पैशाला हात लावायचा नाही, चिंचोक्यांवर खेळायचं, असा गोमाच्या बापानं घालून दिलेला नेम होता. भातलावणी आटपली, की श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून गोकुळाष्टमीपर्यंत दुपारची जेवणं झाली की गोमाच्या पडवीत बैठक बसायची. अष्टमीला ज्याच्या पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग मोठा, त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी गावाची दहीहंडी. चिंचोक्याला कोण विचारतंय? पण हंडी दारात आली की अख्खं गाव दारात येतं. घरच्या बाईनं आपल्या हातानं मडकं भरायचं आणि वर्षभर लोकांनी म्हणायचं, "औंदा हंडी त्यांच्याकडं होती." आठ वर्षांत सदूच्या दारात चारदा हंडी लागली, गोमाच्या तीनदा आणि एकदा हिरूच्या. हिरूच्या! ज्याला ढगाळलं की बदाम कोणतं नि चौकट कोणती ते दिसत नाही, त्या हिरूच्या! पदूच्या दारात एकदाही नाही.

आणि पदू काही खेळातला ढ नव्हता. दसऱ्यापासून ज्येष्ठापर्यंत तो वर माथेरानला एका हॉटेलात वेटर होता. पावसाळ्यात हॉटेल बंद, छोटी गाडी बंद, मग पदू खाली गावात. वर मुंबईची साहेब मंडळी व्हरांड्यात बसून पोकर खेळत आणि पदू हातात ट्रे घेऊन मागं उभा राही. सोडा ओतता ओतता त्यानं तो खेळ डोळ्यांनी पिऊन घेतला होता. कुलाब्याचा एक टकलू साहेब दर मे महिन्यात येई. तो कधीच हरत नसे. एकदा खुशीत येऊन त्यानं पदूला सांगितलं होतं, "हात भारी असो की हलका, तोंड तेच ठेवायचं. आणि एक लक्षात ठेव, थापेवर जिंकलास तर पानं कुणाला दाखवायची नाहीत. कधीच नाही."

तेव्हापासून पदूनं स्वतःवर कष्ट घेतले होते. चांगली पानं आली की त्याचा हात मिशीकडं जाई, म्हणून त्यानं मिशीच उतरवली. पानं उचलताना बोटं थरथरत, म्हणून डावा हात मांडीखाली दाबून बसायला शिकला. पितळेच्या घंगाळात पाणी भरून त्यात स्वतःचं तोंड बघायचा, मनात तीन एक्के आणायचा, मग मनात दुर्री तिर्री आणायचा, आणि पाण्यातलं तोंड हलत नाही ना ते बघायचा. मैना म्हणायची, "पान्यात काय भूत दिसतं का?" असं सगळं करून शेवटी काय? पालथ्या घड्यावर पाणी! त्याच्याकडं पानं नसली की सदू हसत हसत म्हणे, "शो. दाखव पानं." पानं असली की सगळे एकदम पानं टाकून मोकळे. कुणी तरी त्याला पुस्तकासारखं वाचत होतं.

चिखल तुडवत घराकडं जाताना पदू आजचाच डाव पुन्हा पुन्हा मनात खेळत होता. गुलाम, छक्की, तिर्री. काही नाही हातात. त्यानं तोंड दगडासारखं ठेवलं, दोन मुठी चिंचोके पुढं सारले. पडवीची रीत अशी, की कुणी मोठी चाल केली की डाव्या हाताच्या माणसानं विचारायचं, "हाय का नाय?" आणि चाल करणाऱ्यानं उत्तर द्यायचंच. खोटं बोललं तरी चालतं, मुकं राहिलेलं चालत नाही. हासुद्धा गोमाच्या बापाचाच नेम, मेला बिचारा, पण डोकं खाऊन गेला. तर सदूनं विचारलं, "हाय का नाय?" पदूनं उत्तर दिलं. आणि सदूनं लगेच, पापणी न लववता, शो मागितला. लगेच! म्हणजे त्याला ठाऊक होतं. म्हणजे कुणीतरी सांगितलं. मग पदूच्या मागं त्या वेळी कोण उभं होतं?

चहाची पाळी घराघरानं असे. या आठवड्यात ती पदूच्या घरची होती. किटली घेऊन त्याच्या पाठीशी उभी होती मैना, त्याची बायको!

पदूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा.

मैना त्याच्यामागोमाग घरी आली. रिकामी किटली खाली ठेवली नाही तोच पदू कडाडला, "किती दिवस चाललंय ह्ये?"

"काय?"

"सदूला खुना करतेस. माज्या पाटीमागं उबी राहून माजी पानं फोडतेस. घरचीच मानसं घर बुडवतात, खोटं नाय!"

मैनाला आधी कळलंच नाही. कळलं तशी ती ताठ झाली. "मी? मी तुमची पानं फोडते?"

"मंग कोन? तोंड मी दगडावानी ठेवलंय, हात मांडीखाली ठेवलाय. आनखी काय राहिलं?"

"अवो, वर बगा जरा. माळ्यावर बगा!" मैनाचा आवाज चढला. "ते मडकं दिसतं का? कशेळ्याच्या बाजारातनं आनलंय मी, तुमी पयल्यांदा खेळायला बसलात त्या वर्सी. हंडी आपल्या दारात लागंल तवा पायजे म्हनून. आठ वर्सं पुसून पुसून ठेवते मी ते. त्या गोमाच्या गौराबाईचे टोमणे ऐकते पानवठ्यावर, 'काय गं मैने, मडक्यात काय लोनचं घालनार काय?' म्हनं. आनि मी तुमची पानं फोडते?"

"नाय तर मंग त्यास्नी कळतं कसं?"

"तुमच्या तोंडानं कळतं! तुमची जीब फोडते तुमची पानं!"

"माजी जीब?"

"हातात पानं असली की तुमी म्हनता 'हाय'. नसली की म्हनता 'आहे'!"

पदूनं तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं, हाय, आहे.

"आज काय म्हनालात?" मैनानं मान वाकडी करून, हॉटेलातल्या वेटरसारखा हात पोटाशी धरून नक्कल केली. "'आहे, आहे.' सदूनं लगेच शो मागितला. परवा तीन राण्या होत्या तवा काय म्हनालात? 'हाय की रं!' समद्यांनी पानं टाकली. आवो, येवढं बारक्या पोरास्नी कळतं. समद्या गावाला ठाव हाय!"

"समद्या गावाला?"

"गौराबाईला ठाव हाय, अंबूबाईला ठाव हाय. हिरूला सुदीक ठाव हाय!"

"आनि तुला?"

"मला तर पयल्या वर्सापासनं."

"आनि तू मूग गिळून गप बसलीस? आठ वर्सं? मी घंगाळात तोंड बघत बसलो नि तू आत हसत बसलीस?" पदूनं रागानं किटलीला लाथ मारली. ती घरंगळत जाऊन उंबऱ्याला थडकली. "सांगितलं का नाय मला? बोल की! का नाय सांगितलं?"

मैनानं जाऊन किटली उचलली, तिला पोचा आला होता तो अंगठ्यानं दाबून पाहिला. "नाय सांगितलं," एवढंच म्हणाली. पदूला राग इतका होता की पुन्हा विचारायचं त्याला सुचलं नाही.

त्या दिवशी तो जेवला नाही. बांधावर जाऊन बसला. समोर माथेरानचा डोंगर ढगात बुडाला होता आणि त्याच्याकडं बघून पदूला सगळं लख्ख दिसलं, आणि दिसलं तसा आणखी राग आला. आला कुठून हा 'आहे'? तिथूनच! पहिल्याच दिवशी मॅनेजरनं त्याला समोर उभं करून दम दिला होता, "गिऱ्हाईकासमोर हाय-नाय चालणार नाही. आहे-नाही म्हणायचं. शुद्ध बोलायचं." आणि शुद्ध बोलून काय सांगायचं? बंब सकाळपासून थंड असला तरी, "पाणी गरम आहे, साहेब." माकडांनी कालच पलीकडच्या खोलीतली केळी पळवली असली तरी, "इकडं माकडं येत नाहीत, बाईसाहेब." घोडा दिवसातून दोघांना पाडत असला तरी, "घोडा अगदी गरीब आहे." आठ महिने तो वर सकाळपासून रात्रीपर्यंत 'आहे'मध्ये थापा मारायचा. खाली आला की 'हाय'मध्ये खरं बोलायचा. दोन वेगवेगळ्या गोठ्यांत दोन वेगळी गुरं बांधावीत तशी जिभेनं आपली आपण सोय करून ठेवली होती, आणि या शहाण्याला त्याचा पत्ता नव्हता. मिशी उतरवली, गाढवानं!

अष्टमीला आठ दिवस होते. पदूनं ठरवलं, आता 'हाय'मध्ये खोटं बोलायला शिकायचं.

वाटतं तेवढं ते सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी धो धो पावसात बांधावर उभा राहून तो म्हणाला, "आज ऊन आहे." झालं! थू! पुन्हा. "आज ऊन आ... हाय." जीभ अडखळे, दातात सापडे. आपल्याच तोंडात आपल्याला परकं वाटे. तीन दिवस तो शेतातून चालताना बडबडत होता, "ह्यो बगळा काळा हाय. नदीला पानी नाय. सदू भला मानूस हाय." लोक म्हणू लागले, पदूला बाहेरचं लागलं. चौथ्या दिवशी गोठ्यात जाऊन म्हशीला म्हणाला, "वैरन हाय गं," आणि म्हशीनं मान वळवून रिकाम्या गव्हाणीत तोंड घातलं. पदूला असा आनंद झाला की त्यानं म्हशीच्या कपाळाचा मुका घेतला.

पण म्हैस ती म्हैसच. माणूस फसायला हवं. सहाव्या दिवशी दुपारी पाऊस कोसळत होता आणि मैना तांदूळ निवडत बसली होती. पदू दारातून सहज म्हणाला, "गौराबाई बोलावते हाय तुला. काम हाय म्हनते, निकडीचं."

मैनानं सूप खाली ठेवलं, डोक्यावर इरलं घेतलं आणि निघाली. गौराबाई म्हणजे गोमाची बायको, घर गावाच्या त्या टोकाला, मधे ओहोळ. अर्ध्या तासानं मैना परतली ती गुडघ्यापर्यंत चिखलात. पदू पोट धरून हसत होता.

"फसलीस! मैने, तू फसलीस! आगं, जमलं मला!"

मैना दारातच उभी राहिली. इरल्यावरून पाणी गळत होतं. ती हसली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. "माज्यावर कशाला?" म्हणाली. "म्हशीवर करा, सदूवर करा. माज्यावर कशाला केलात?"

"अगं, तू फसलीस म्हनजे दुनिया फसली!"

ती वळून पाय धुवायला गेली. पदूला वाटलं, पाय भिजले म्हणून रागावली. बाईमाणूस! खेळ तिला काय कळतोय?

अष्टमीच्या दिवशी गोमाची पडवी फुलली. शेवटचा दिवस, हंडी कुणाकडं जाते ते बघायला बायकासुद्धा येऊन उंबऱ्याशी उभ्या होत्या. उपासाचे दाणे आणि केळी फिरत होती. संध्याकाळ व्हायला आली तसे गोमा नि हिरू मागं पडले. पदू आणि सदू यांचे ढीग जवळजवळ सारखे. गोमानं शेवटचा डाव पिसला.

पदूनं पानं उचलली. नव्वी, पंजी, दुर्री, आणि तीनही वेगवेगळ्या रंगांची. इतकी दळभद्री पानं त्याला सबंध श्रावणात आली नव्हती. तोंड मात्र घंगाळातलंच राहिलं. त्यानं चाल केली. सदूनं केली. गोमानं पानं टाकली, हिरूनं टाकली. पुन्हा चाल, पुन्हा चाल. मग पदूनं दोन्ही हात ढिगाला लावले आणि होते नव्हते ते सगळे चिंचोके मधे लोटले.

सदूच्या चेहऱ्यावर हसू फुटू लागलं. तो गेली आठ वर्षं हाच घास खात आला होता. उगाच घसा खाकरून, बायकांकडं बघून, मजा घेत घेत त्यानं विचारलं, "काय पदूशेट? हाय का नाय?"

पदूनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. आठ वर्षांचा राग छातीत होता, तो सगळा गिळून, अगदी निवांत, मुलाला जेवायला बोलवावं अशा आवाजात म्हणाला, "हाय की रं, सदू."

सदूचं हसू गेलं. त्यानं आपली पानं पुन्हा पाहिली. गोमाकडं पाहिलं. गोमानं खांदे उडवले, 'हाय' म्हणाला ना तो, आता काय राहिलं? सदूनं सुस्कारा टाकून पानं उताणी टाकली, डाव सोडला. दोन बादशा नि एक सत्ती.

बस्स. इथं ढीग उचलून गप्प घरी जायचं होतं. टकलू साहेबानं एवढं बजावून सांगितलं होतं. पण आठ वर्षांचा राग असा गप्प घरी जातो होय? पदू उभा राहिला, "हाय म्हनं! हाय! बग, काय हाय ते बग!" असं ओरडत त्यानं आपली तीन पानं सदूच्या तोंडापुढं फडकावून सतरंजीवर फेकली. नव्वी, पंजी, दुर्री. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग गोमा ओरडला, "आयला! पदू 'हाय' म्हनून थाप मारायला शिकला रं!" आणि पडवीत एकच गिल्ला झाला. हिरूनं पदूला मिठी मारली. सदूनं तोंड कडू केलं, पण शेवटी त्यानंही पाठीवर थाप मारली, "मानलं तुला." पदूनं मान वळवून उंबऱ्याकडं पाहिलं, मैना कशी फुलली असेल ते बघायला. उंबऱ्याशी गौराबाई होती, अंबूबाई होती. मैना नव्हती.

घरी आला तेव्हा ती माळ्यावरून मडकं काढून पुसत होती.

"अगं, जिंकलो! तू निघून का आलीस?"

ती पुसतच राहिली.

"मैने, हंडी आपल्या दारात! गौराबाईच्या नाकावर टिच्चून!"

"बगितलं मी," मैना म्हणाली. "समदं बगितलं. ऐकलं बी."

मग तिनं मडकं खाली ठेवलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "दर वर्सी ज्येष्ठात तुमी वरनं येता. पाय धुवायला मी पानी देते. तवा मी काय इचारते?"

पदू गोंधळला. काय विचारते? गाठोडं खाली ठेवलं की ती दर वर्षी एकच विचारायची, 'वर कोन नाय ना?' तो म्हणायचा, 'नाय गं.' आणि विषय संपायचा. डोंगरावर कामाला जाणाऱ्यांच्या बायका काय काय करत! अंबूबाई नवऱ्याची ट्रंक उलटीपालटी करी, सदरे हुंगून बघे, एकदा तर भगताकडं अंगारा आणायला गेली होती. मैनानं कधी काही केलं नाही. पदूला वाटायचं, आपली बायको साधी आहे. एका शब्दावर विश्वास ठेवते.

"आठ म्हयने तुमी वर," मैना म्हणाली. "मी हितं एकली. लोक नाय नाय ते बोलत्यात. मी कुनाचं ऐकलं नाय. का? तुमी 'नाय' म्हनायचात म्हनून. 'नाही' म्हनाला असतात तर मी त्याच दिवशी वर डोंगरावर चढून आले असते. येवढीच एक खून होती माज्याजवळ. ती ठेवून घेतली मी, कुनाला नाय सांगितली, तुमाला पन नाय. आनि तुमी माज्यावर आळ घेतलात, म्हनून रागाच्या भरात माज्याच तोंडानं सांगून बसले. आनि तुमी काय केलंत? म्हशीवर केलंत, मंग माज्यावर, मंग सदूवर!"

"मैने, अगं, वर कोन नाय!"

"आता मला काय कळनार?"

"अगं नाय! देवाशप्पत नाय!" तो खरं बोलत होता. वर कुणी नव्हतं, कधीच नव्हतं. पण त्याच्याच कानाला ते गोठ्यात म्हशीशी बोलल्यासारखं लागलं. तो घाबरला. घाबरला तसा चिडला, ओरडला, "कुणी नाही म्हणून सांगतोय ना मी! नाही!"

बाहेर कुणीतरी दोर लावायला बांबू मोजत होतं.

"दोनी सारकंच लागतंय आता," मैना म्हणाली, आणि मडकं उचलून दही भरायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खं गाव पदूच्या दारात होतं. ढोल वाजत होता, पोरं चिखलात लोळून भुतं झाली होती. पदू मडकं दोन्ही हातांनी धरून उंबऱ्यात उभा राहिला आणि सदूनं दोराचं टोक पुढं केलं. सदूच तो, मस्करी केल्याशिवाय दोर देतोय होय?

"काय पदूशेट," सगळ्यांना ऐकू जाईल असं तो ओरडला, "मडक्यात दही हाय का नाय?"

गाव हसलं आणि उत्तराची वाट बघू लागलं. पदूनं तोंड उघडलं. मडक्यात दही होतं, काठोकाठ, त्यानं स्वतः वाकून पाहिलं होतं. पण 'हाय' म्हणावं की 'आहे' म्हणावं तेच त्याला कळेना, आणि दोन्हीतलं काहीही म्हटलं तरी मागं उभी असलेली बाई ते खरं धरणार नव्हती.

"हाय," मागून मैना म्हणाली. "मी भरलंय. बांदा दोर."